वाचलेल्या तीन कुंड्या

१

सोमवारी सकाळी दार्दोने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि तो तिथेच मटकन खाली बसला.

बारापैकी नऊ झाडांनी मान टाकली होती. कुणी मेणबत्ती फिरवावी तशा पानांच्या कडा करपलेल्या, टोकं आत वळून पक्ष्याच्या नख्यांसारखी झालेली. नुकतीच धरलेली फुलं तपकिरी पडली होती. दाराजवळच्या तीन कुंड्या मात्र हिरव्यागार, जणू शेजारच्या घरातून पाहुण्या आल्यासारख्या.

दार्दोने पहिला फोन क्लबचा अध्यक्ष एबेर याला केला. दुसरा नीबियाबाईंना.

नीबिया एत्चेवेरी मोंतेविदेओच्या सरकारी शाळेतून रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्या मादरेसेल्वा क्लबच्या सभासद झाल्या. पासो मोलिनो भागात चपलांचा एक बंद पडलेला कारखाना होता, तिथे तीसेक माणसं मिळून गांजा पिकवत. सगळं कायद्याने, नोंदणी करून, आपापल्या वाटणीपुरतं. कुणी संध्याकाळी ओढायला नेई, कुणी दुखण्यावर तेल काढायला. बाई तेलवाल्या.

शाळेत असताना प्रयोगशाळेतली चोरी कुणी केली, पेपर कुणी फोडला, हे बाई अर्ध्या दिवसात शोधून काढत. तो त्यांचा लौकिक होता. निवृत्तीनंतर त्यांना कुणी काही विचारतच नव्हतं. म्हणून दार्दोचा रडवेला आवाज ऐकताना त्यांना वाईट वाटलं हे खरं. पण त्याच वेळी पायांत जोर आला, हेही खरं.

"हात लावू नकोस कशाला," त्या म्हणाल्या. "मी येते."

खोलीत त्या एकेका कुंडीपाशी थांबून पानं उलटून बघत गेल्या. मग म्हणाल्या, "रोग असता तर पसरत गेला असता. ही तीन झाडं एकाच आईची कलमं आहेत ना?"

"सगळी बाराच्या बारा. आणि वाल्किरियाच्या खोलीतली बारासुद्धा."

"तिची कशी आहेत?"

दार्दोने खाली बघितलं. "ठणठणीत," तो म्हणाला. "बाई, हे आपोआप झालेलं नाही. हे कुणीतरी केलंय."

२

भांडण जुनं होतं. झाडं कशात लावायची आणि त्यांना किती कडक खतपाणी द्यायचं, यावरून क्लबात दोन पक्ष पडले होते.

दार्दो कोकोपीटवाला. "नारळाच्या भुशात स्वतःचं असं काही नसतं बाई," तो सांगे. "आपण देऊ तेच झाड खातं. खताचा अर्क पाण्यात घालायचा, मीटर बुडवायचा, आकडा बघायचा. ताबा आपल्या हातात. पीक लवकर, भरघोस."

वाल्किरिया मातीवाली. कंपोस्ट, गांडूळखत, हलकेपणासाठी थोडं परलाइट. वर फक्त पाणी. "झाडाला ताट वाढून द्यावं," ती म्हणे. "घास भरवत बसू नये. बाळ आहे का ते?"

शेवटी ठरलं, एकाच झाडाची कलमं घ्यायची, बारा याच्या खोलीत, बारा तिच्या. ज्याचं पीक चांगलं, पुढच्या हंगामात सगळा क्लब त्याच्या मार्गाने. मतदानाला महिना उरला होता.

त्या साली आणखी एक पीडा होती. पाऊसच नव्हता, धरणं आटली होती, आणि शहराच्या नळाला समुद्राच्या तोंडचं खारट पाणी मिसळून येत होतं. लोक प्यायला बाटल्या विकत घेत. क्लबासाठी एबेर आपल्या भावाच्या शेतातल्या विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून आणायचा. वाल्किरिया मात्र कारखान्याच्या पत्र्याखाली टाकी लावून पडेल तेवढा पाऊस साठवायची आणि माणिक-मोत्यांसारखा जपायची.

बाईंनी दार्दोला खुर्चीत बसवलं.

"तू कुठे होतास?"

"रोचाला. भाचीचं लग्न. शुक्रवारी दुपारी टाकीत खतपाणी कालवून ठेवलं आणि गेलो. शनिवारी एबेरने घातलं. त्याचं तेवढंच काम होतं."

"आकडा किती ठेवला होतास?"

"दीड." त्याने डोळे मिचकावले. "नेहमीसारखा."

"जास्त अर्क पडला नसेल?"

दार्दो उठून बाटली घेऊनच आला. "हे बघा. पहिल्या दोन बाटल्या भराभर संपल्या, पण ही तिसरी अजून गळ्यापर्यंत आहे. आता माझा हात बसलाय बाई. थोडक्यात आकडा गाठतो मी. उधळपट्टी करणारा माणूस नाही मी."

बाईंनी मान डोलावली. दार्दोने जास्त घातलेलं नाही, हे त्यांनी मनात पक्कं केलं.

"आणखी काही?"

तो जरा घुटमळला. "रविवारी वाल्किरियाचा फोन येत होता. तीन वेळा. मी नाचत होतो, उचलला नाही. आमचं बोलणं फारसं नाहीच, मग म्हटलं कशाला चांगल्या दिवशी तिच्या तोंडी लागा."

"ती कधी फोन करते का तुला?"

"कधीच नाही!"

एबेर दुपारी आला. लाकूडफाट्याची गाडी चालवणारा, दणकट, बोलायला मोठा; आज मात्र टोपी हातात फिरवत बसला.

"मी कुणाचं नाव घेणार नाही बाई," तो म्हणाला.

"नाव नका घेऊ. काय पाहिलंत ते सांगा."

"रविवारी मी कॅन ठेवायला आलो होतो. दार अर्धं उघडं होतं. वाल्किरिया दार्दोच्या खोलीत होती. हातात झारी. दार्दोच्या झाडांना काहीतरी घालत होती."

३

बाईंनी दार्दोचा मीटर घेतला आणि प्रत्येक कुंडीखालच्या तबकात निथळलेल्या पाण्यात बुडवला. करपलेल्या नऊ कुंड्यांखाली आकडा चारच्या वर. हिरव्या तीन कुंड्यांखाली पाऊण.

चार आणि पाऊण! बाईंच्या अंगावर रोमांच उभे राहिले. नऊ कुंड्यांत काहीतरी जबर कडक गेलं होतं, तीन कुंड्यांत गेलं नव्हतं. ओतणारा आतल्या टोकापासून सुरुवात करून दाराकडे येत असणार. एबेरच्या गाडीचा आवाज ऐकला आणि हात थांबला. म्हणून दाराजवळच्या तिघी वाचल्या.

कडक असं काय ओतलं असेल? उत्तर वाल्किरियाच्या खोलीत कोपऱ्यातच होतं, कोंबडीच्या खताचं आंबवलेलं पाणी, झाकण लावलेली बादली. मातीत ते चमचाभर घालतात. कोकोपीटात झारीभर घातलं तर झाड जळून जाईल, हे पहिलीतलं पोरही सांगेल.

वाल्किरिया पन्नाशीची, बुटकी, हाताला कायम माती. तिचा नवरा आर्तिगास कत्तलखान्यात काम करताना पाठीवर पडला होता. तेव्हापासून त्याच्या कळा थांबायच्या त्या फक्त तेलाने. वाटणी तिच्या नावावर होती, तेल त्याच्या पोटात जाई.

ती पालापाचोळा चाळत होती. बाई समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचारलं, "का केलंस वाल्किरिया?"

तिने चाळणी खाली ठेवली. "काय का केलं?"

"रविवारी तू त्याच्या खोलीत होतीस."

"होते."

"झारी होती हातात."

"होती. पाणी घालत होते. पावसाचं."

"पावसाचं?" बाई हसल्या. शाळेत खोटं बोलणाऱ्या पोराकडे बघून हसायच्या, तशा. "मागच्या महिन्यात मी कप धुवायला तुझ्या टाकीतलं वाटीभर पाणी घेतलं तर तू माझ्यावर ओरडली होतीस. आणि दार्दोच्या झाडांना झारीभर?"

वाल्किरियाचा चेहरा हळूहळू लाल झाला. ती काहीतरी बोलणार होती. पण बाईंचं हसू अजून ओठांवर होतं, ते तिने बघितलं, आणि ती परत चाळणी हलवू लागली.

बाईंना वाटलं, कबुलीच मिळाली.

४

गुरुवारी सभा भरली. बाईंनी तबकांचे आकडे फळ्यावर लिहिले. कितीतरी वर्षांनी हातात खडू आला होता. चार इकडे, पाऊण तिकडे. मग एबेरने पाहिलेलं. मग बादली. मग फोन.

"तीन वेळा फोन," बाई म्हणाल्या. "कधी न करणारी बाई त्याच दिवशी फोन का करते? तो खरंच लांब आहे ना, याची खात्री करायला."

खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी "वा!" म्हटलं. ते "वा" बाईंना कानांत गोड लागलं.

"हिला लाज कशी नाही वाटत!" मागून एक म्हातारी ओरडली. "आमच्या हिवाळ्याचं औषध होतं ते!"

"वाल्किरिया, काही सांगायचंय?" एबेरने विचारलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

ती उठली. "पाणी पावसाचं होतं," ती म्हणाली.

मागच्या रांगेत दोघे हसले. एकजण म्हणाला, "पाऊस तरी कुठे पडलाय, बये?" आणि मग बरेच हसले.

हात वर झाले. तीस-बत्तीस हात. दार्दोचाही, जरा उशिराने. बाईंनी सगळ्यांच्या आधी वर केला होता. वाल्किरियाने अंगातला मळका एप्रन काढून घडी घातली, किल्ली त्यावर ठेवली आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं.

घरी जाताना दोन जणांनी बाईंना हात धरून बसपर्यंत पोहोचवलं. "तुम्ही होतात म्हणून," ते म्हणाले. त्या रात्री त्यांना छान झोप लागली. पुढे ही झोप आठवली की त्यांचे कान तापत.

५

तीन आठवडे गेले. एका सकाळी दार्दो बाईंच्या दारात उभा. दाढी वाढलेली.

"परत," तो म्हणाला.

"परत म्हणजे?"

"त्या तीन कुंड्या. करपल्या. आणि बाई, तिच्या खोलीतली मातीतली झाडं... तीसुद्धा. टोकं जळायला लागलीत."

बाईंचा हात कपावरच थांबला.

"ती येत असेल गुपचूप," दार्दो म्हणाला, पण त्याचा त्याच्या शब्दांवर विश्वास दिसत नव्हता.

"कुलूप बदललंय. आणि आपली स्वतःची झाडं ती का जाळेल?" बाईंनी कप खाली ठेवला. "मातीतल्या झाडांना तू काय घातलंस?"

"काहीच नाही! मातीला खत लागत नाही म्हणायची ना ती. मी थेंबभर अर्क घातला नाही. तिच्या टाकीत पावसाचं पाणी उरलंच नव्हतं, म्हणून पहिल्या दिवसापासून नुसतं कॅनचं पाणी."

"नुसतं पाणी."

"नुसतं."

स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता. बाई त्या आवाजाकडे कान देऊन बसल्यासारख्या दिसत होत्या. खरं तर त्यांना आतून कुणीतरी एकेक पायरी खाली उतरवत नेत होतं.

ज्या झाडांनी नुसतं पाणीच प्यायलं, ती करपली. मग पाण्यातच काहीतरी आहे.

मग ती बाटली. तिसरी बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. नेहमीइतका अर्क पडत असता तर ती एव्हाना अर्धी व्हायला हवी होती. ती भरलेली का राहिली? मीटरला खत कळत नाही, मीठ कळत नाही. पाण्यात जे काही विरघळलंय त्या सगळ्याचा तो एकच आकडा दाखवतो. पाणीच आधी अर्ध्याहून जास्त आकडा घेऊन आलं असेल, तर चिमूटभर अर्कातच दीड गाठला जाणार. दार्दोचा हात बसला नव्हता. झाडं एकाच वेळी उपाशीही होती आणि खारावलेलीही. भुशात ते मीठ महिनाभर साठत साठत गेलं आणि निथळ चारवर चढली.

आणि पाऊण.

बाईंनी डोळे मिटले. हे तर त्यांनी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं होतं. दार्दो दीड आकड्याचं पाणी ओतत होता. कुणीच हात न लावलेल्या कुंडीतून निथळणारं पाणी दीडच्या खाली जाईलच कसं? दीड ओतून पाऊण निघत नाही. पाऊण निघायला वरून कुणीतरी भरपूर स्वच्छ पाणी ओतून आतलं मीठ धुवून काढावं लागतं.

त्या तीन कुंड्यांना वाल्किरिया पोहोचली नव्हती असं नाही. त्या तीनच कुंड्यांपर्यंत ती पोहोचली होती.

"बाई?" दार्दो घाबरून म्हणाला. "बरं वाटत नाही का?"

"चल," त्या म्हणाल्या. "क्लबात चल."

६

कॅन भिंतीशी ओळीने उभे होते. बाईंनी एकाचं झाकण काढलं, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. गेले कित्येक आठवडे त्या नळाच्या पाण्याला शिव्या देत होत्या. ती चव त्यांना झोपेतही ओळखू आली असती.

तपास चालू असताना हे कॅन इथेच होते. वाकायला सुद्धा लागलं नसतं.

दार्दोने मीटर बुडवला. नुसत्या पाण्याचा आकडा सव्वा.

"पहिल्या आठवड्यात मी मोजलं होतं," तो पुटपुटला. "पाव होतं. विहिरीचं पाणी काय बदलणार म्हणून मग मोजलंच नाही." तो कॅनवर बसला. "आणि बाई, मी खोटं बोललो. शुक्रवारी पानं फिकट दिसली. मला वाटलं भुकेली आहेत. म्हणून जाताना मी दोन ठेवला, दीड नाही. सोमवारी बघितलं तेव्हा वाटलं, माझ्यानेच जळली. मग तुम्ही वाल्किरियाचं नाव घेतलंत..." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला सुटल्यासारखं झालं. लाज वाटते सांगायला, पण सुटल्यासारखंच झालं."

"मग तिचा फोन कशासाठी होता, कळतंय का तुला?"

दार्दोच्या डोळ्यांत पाणी होतं.

"तिने झाडं नुकतीच कोमेजू लागलेली बघितली," बाई म्हणाल्या. "तिला वाटलं, तू कडक खत दिलंस. तुला सांगायला तीनदा फोन केला. तू उचलला नाहीस. मग उरलंसुरलं पावसाचं पाणी घेऊन धुवायला बसली. तीन कुंड्यांतच पाणी संपलं."

"पण सभेत सांगितलं का नाही तिने?"

"सांगितलं," बाई म्हणाल्या. "दोनदा सांगितलं."

एबेर आपल्या अंगणात लाकडं फोडत होता. दोघांना येताना बघून त्याने कुऱ्हाड ठोकळ्यात रुतवून ठेवली.

"विहिरीचं पाणी कधीपासून बंद झालं, एबेर?" बाईंनी विचारलं.

त्याने फोडलेली लाकडं पायाने एका बाजूला सारली.

"भावाने फाटक उघडलं नाही," शेवटी तो म्हणाला. "शेजारी बघत होते. म्हणाला, माझी कोबी मरतेय, गाईंना घोटभर नाही, आणि तू गांजाला पाणी न्यायला आलास? जा तिकडे, अध्यक्ष म्हणून मिरव. असं म्हणाला. माझा धाकटा भाऊ. मी गाडी वळवली आणि परत आलो." त्याने अंगणातल्या नळाकडे बोट केलं. "क्लबात किती फुशारक्या मारल्या होत्या मी, भावाची विहीर ती माझीच विहीर. कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, सगळं शहर हेच पितंय, झाडं काय मरतील?"

"आणि मेली तेव्हा?" दार्दो ओरडला.

"तू म्हणालास मीटर बरोबर होता! मग मला वाटलं, पाणी नसेल. आणि तिला तर मी खरंच पाहिलं होतं. बाई, मी एक अक्षर खोटं बोललो नाही!"

"नाही," बाई म्हणाल्या. "खरं बोलूनच तुम्ही तिला बुडवलंत. आणि उरलेलं मी केलं."

"तुम्ही तर फसलात, बाई. तुम्हाला काय माहीत."

"मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "आकडे माझ्या हातात होते. मला ते वाचायचे नव्हते, मला ते फळ्यावर लिहायचे होते."

७

दुसऱ्या सभेत बाईंनी सगळं सांगितलं. एबेरने अध्यक्षपद सोडलं. वाल्किरिया आली नव्हती. एकजण म्हणाला, "झालं ते झालं, तिला निरोप पाठवा, ये म्हणावं." बरेच जण हो म्हणाले. घाई होती सगळ्यांना, विषय संपवायची.

निरोप पाठवणं बाईंना जमलं नाही. त्या स्वतः गेल्या. वाल्किरिया राहायची त्या सेर्रोच्या टेकडीची चढण त्यांच्या गुडघ्यांना झेपणारी नव्हती. तीनदा भिंतीला टेकून थांबल्या आणि तिन्ही वेळा परत फिरावंसं वाटलं.

दार उघडंच होतं. वाल्किरिया टेबलावर बटाट्याच्या पिठाचे गोळे वळत होती. खिडकीशी आर्तिगास उशांना टेकून बसला होता, ओठ घट्ट मिटून.

"तू त्याची झाडं वाचवत होतीस," बाई उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "पाणी खारट होतं. एबेरने नळाचं आणलं होतं. मी सभेत सगळ्यांना सांगितलं. मी चुकले, वाल्किरिया. नुसती चुकले नाही. मला चुकताना मजा आली."

वाल्किरियाचे हात थांबले नाहीत. "तुम्ही क्लबात सगळ्यांना विचारलंत, काय पाहिलं, काय झालं. मला काय विचारलंत, आठवतं?"

बाईंना आठवत होतं. त्यांची मान खाली गेली.

"मला 'का' विचारलंत," ती म्हणाली. "'काय' विचारलंच नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलं असतं, मतदानाआधी दार्दोचं हसं नको म्हणून गुपचूप धूत होते. बिचारा आधीच बढाईखोर."

बाईंनी पर्समधून छोटी कुपी काढून टेबलाच्या कडेला ठेवली. स्वतःच्या वाटणीचं तेल.

"उचला ते," वाल्किरिया म्हणाली. "तुमची भीक नको आम्हाला."

"अभिमान तुझा आहे," खिडकीतून आर्तिगास म्हणाला. पहिल्यांदाच बोलला. "पाठ माझी आहे. इकडे आणा बाई ते."

वाल्किरियाने त्याच्याकडे रागाने बघितलं. मग तोंड फिरवलं. बाईंनी कुपी त्याच्या हातात दिली. त्याला झाकण उघडेना, तेव्हा उघडूनही दिलं. त्याने "गुडघ्यांचं काय करणार तुम्ही?" असं विचारलं, आणि बाईंनी झाकण त्याच्या उशाशी ठेवून दिलं.

"मी येणार नाही," वाल्किरिया भिंतीकडे बघत म्हणाली. "निरोपावर तर नाहीच. ज्यांनी हात वर केले त्यांनी इथे यावं. हसले होते त्यांनीसुद्धा. दारात उभं राहून सांगावं. मग बघू."

बाई पुढचे दिवस दारोदार फिरल्या. काहींनी पाय दुखतात म्हणून सांगितलं, काहींनी दारच उघडलं नाही. ओरडलेली म्हातारी म्हणाली, "मी कशाला? मला तर तुम्हीच सांगितलंत ना?" त्यावर बाई "हो, मीच सांगितलं," एवढंच म्हणाल्या आणि तिच्या पायरीवर बसून राहिल्या, ती शाल घेऊन बाहेर येईपर्यंत.

रविवारी सेर्रोच्या त्या गल्लीत निम्म्याहून थोडी जास्त माणसं आली. एकेक जण दारात उभा राहून काहीतरी पुटपुटून बाजूला होत होता. दार्दो मोठ्याने बोलला आणि मध्येच अडखळला. एबेरला तर बोलताच आलं नाही, त्याने टोपी काढली आणि तसाच उभा राहिला, शेवटी आर्तिगासच म्हणाला, "पुरे रे, डोकं गारठेल."

वाल्किरियाने सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग आत जाऊन येर्बाचा कडू काढा भरलेला तुंबा आणि थर्मास घेऊन आली. त्या देशात एकाच तुंब्यातून, एकाच नळीने, ओळीने सगळे पितात. आणि कुणाला वगळलं तर ते सगळ्यांना दिसतं.

तुंबा दार्दोकडे गेला. म्हातारीकडे गेला. एबेरकडे गेला, आणि तो पिताना खोकला. बाईंच्या शेजारच्या माणसाकडे गेला, आणि तिथून बाईंना ओलांडून पलीकडे.

बाई जागच्या हलल्या नाहीत. चेहरा जळत होता, गुडघे ठणकत होते, आणि बसायला कुणी म्हटलं नव्हतं. निघून जाणं सोपं होतं. त्या उभ्या राहिल्या.

तुंबा फिरून वाल्किरियाकडे आला. तिने पुन्हा पाणी ओतलं, एक घोट स्वतः घेतला, परत भरला. दार्दोला दिला. म्हातारीला दिला. एबेरला दिला. मग भरून हातातच धरला आणि बराच वेळ बाईंकडे बघत राहिली.

"घ्या," ती शेवटी म्हणाली. "आणि त्या पायरीवर बसा. दमलात."